शिक्षेला मोठा, निर्णयाला लहान

सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली माणूस मेला की दोन दिवसांत एकच मागणी उठते: वयबिय बघू नका, सज्ञान धरून खटला चालवा. ही मागणी करणारे बहुतेक जण स्वतः आईबाप असतात. त्यांच्याही घरी नुकतंच दहावी झालेलं एखादं पोर असतं. पण अकरावीला सायन्स घ्यायचं की आर्ट्स, हे त्या पोराने ठरवावं असं मात्र त्यांना वाटत नाही. "त्याला काय कळतंय!" शिक्षा भोगायला पोर मोठं, निर्णय घ्यायला लहान. आणि या दोन्ही वेळी मधल्यामधे आईबाप अलगद सुटतात, ही माझी खरी तक्रार आहे.

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका पोर्शेने दुचाकीला उडवलं आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेल्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, आणि अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. निबंधाची देशभर थट्टा झाली आणि ती रास्तच होती. दोन मृतदेह अजून घरी पोचले नसताना शाळामास्तरी शिक्षा सुनावणं हा त्या दोन कुटुंबांचा अपमान होता. मात्र थट्टेच्या गदारोळात त्याच आदेशातल्या वाहतूक पोलिसांबरोबर काम करण्याच्या अटीचीही टर उडवली गेली, ते मला पटलेलं नाही. त्याकडे पुढे येतो.

त्या प्रकरणात पोराने काय केलं आणि मोठ्यांनी काय केलं, हे एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती. ती गाडी पोराने स्वतःच्या पैशाने आणलेली नव्हती. महाराष्ट्रात बीअर प्यायला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५, तरी सतराव्या वर्षी त्याच्यापुढे ग्लास आला. तो ठेवणारा वेटर आणि गल्ल्यावर बसलेला मालक, दोघेही सज्ञान. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. पोराच्या जागी आईचं रक्त दिलं गेलं असं पोलिसांचं म्हणणं आहे, आणि त्यात सरकारी डॉक्टर अटकेत गेले. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचाही आरोप झाला. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण ज्याला हे आरोप खरे वाटतात त्यानेही एवढं मान्य करावं, की दारू पिणं आणि गाडी हाकणं सोडलं तर यातलं एकही काम सतरा वर्षांच्या पोराच्या आवाक्यातलं नाही.

तरीही दोन वर्षं चर्चा कशाची? पोराला सज्ञान धरायचं की नाही याची. पोलिसांनी तसा अर्ज केला आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला. लगेच 'सेटिंग झालं' म्हणून ओरड. खरं तर मंडळाच्या हातात फारसं काही नव्हतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाला सज्ञानासारखं वागवायचं तर गुन्हा 'निर्घृण' असावा लागतो, म्हणजे कायद्यात त्याला किमान सात वर्षं शिक्षा सांगितलेली असावी लागते. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी आहे, पण अशी किमान शिक्षा नाही. हा बारकावा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच निकालात काढला, आणि योगायोग असा की तेही प्रकरण गाडीचंच होतं: दिल्लीत २०१६ साली अठरा पुरे व्हायला चार दिवस कमी असलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एकाला मारलं होतं.

मग कायदाच बदला, असं म्हणणारे आहेत. ते एकदा करून झालं आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर हीच मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने वय खाली आणायला नकार दिला, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिला, तरी संसदेने २०१५ साली सोळा वर्षांपुढच्यांसाठी दार किलकिलं केलंच. आता ते सताड उघडा म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात एकदा डोकावून यावं. तिथे पोर्शेवाली पोरं नसतात. मोबाईल चोरलेली, मारामारीत सापडलेली, ज्यांच्या बापाला वकील कुठे बसतो हेही माहीत नाही अशी पोरं असतात. एका श्रीमंत पोरावरच्या रागापोटी आपण संरक्षण काढून घेणार ते या सगळ्यांचं. श्रीमंताच्या पोराला वकील मिळतातच, कायदा कसाही असो. म्हणून या वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता आईबापांकडे वळू. त्यांच्यासाठी कायदा नाही असं नाही. उलट इतका कडक आहे की वाचून घाम फुटावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला की पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. गाडी त्याच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं पालकाने. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, शिकाऊसुद्धा नाही.

एवढं सगळं कागदावर असताना रस्त्यावर काय चालतं? कुठल्याही जिल्ह्याच्या गावी रात्री नऊच्या सुमाराला क्लास सुटतात त्या गल्लीत उभं राहा. दीडदोनशे मोपेड एकमेकींना चिकटून लावलेल्या. पाठीवर सॅक, कानाला इअरफोन, हेल्मेट कुणाकडेच नाही. एकेका गाडीवर तिघंतिघं. त्यात नीटची तयारी करणाऱ्या मुली आहेत, जेईईवाली पोरं आहेत. टवाळखोर म्हणावं असं एकही नाही. चौकात हवालदार एखाद्याला अडवतो. पोर आधी "काका, प्लीज" करून बघतं. मग खिशातून फोन काढतं, नंबर लावतं आणि सरळ हवालदाराच्या हातात देतं: "पप्पांशी बोला." पलीकडून पप्पा: "साहेब, क्लासचं पोरगं आहे, आत्ता सोडा, उद्या येऊन भेटतो." कधी दोनशे-पाचशेचं तोडपाणी होतं, कधी पप्पांनी कुणा नगरसेवकाचं नाव घेतलं की तेवढंही नाही. पोर किक न मारता, बटण दाबून निघून जातं. त्या अर्ध्या मिनिटात ते जे शिकलं, ते नागरिकशास्त्राच्या कुठल्याच धड्यात पुसलं जाणार नाही: कायदा म्हणजे पप्पांच्या फोनने मिटणारी भानगड.

हवालदाराला तरी किती दोष द्यायचा? तीन वर्षांच्या कैदेचं कलम तो रोज रात्री पन्नास बापांवर लावणार आहे का? लावलं तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यापुढे मोर्चा येईल. शिक्षा एवढी जड ठेवली की ती उचलायलाच कुणी धजत नाही. मग एखादं माणूस मेलं, टीव्हीवाले जमले, की तेवढ्यापुरतं ते कलम बाहेर निघतं. मला उलटं हवं आहे. शिक्षा हलकी असू दे, पण चुकू नये. ज्याने चावी दिली त्या बापाचं किंवा आईचं स्वतःचं लायसन्स तीन महिने निलंबित करा. बस. कैद नको, पंचवीस हजार नको. तीन महिने रिक्षाने ऑफिसला जावं लागलं, आणि का ते सोसायटीत सांगावं लागलं, की पुढच्या वेळी चावी आपोआप कपाटात जाते. कैदेची धमकी माणूस हसण्यावारी नेतो, कारण ती आपल्याला लागू होणार नाही याची त्याला खात्री असते. रोजची गैरसोय हसण्यावारी नेता येत नाही.

पैशाची बाजू तर बहुतेक पालकांच्या गावीही नसते. विना लायसन्स पोराने अपघात केला तर 'इन्शुरन्स आहे ना' हा दिलासा खोटा ठरू शकतो. अशा प्रकरणांत विमा कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यायची आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायची, असा आदेश न्यायाधिकरणं देतात; सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली या वसुलीला मोकळीक दिली. २०११ च्या एका निकालात तर घरातल्याच नात्यातल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल नेली होती. मालकाने हात झटकून पाहिले. न्यायालयाने सांगितलं, लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती गाडी पडू नये हे पाहणं मालकाचंच काम होतं. मृत्यूच्या दाव्यात भरपाई लाखांत जाते. कमावता माणूस गेला असेल तर बरीच वर जाते. क्लासचे दहा मिनिटं वाचावेत म्हणून दिलेल्या चावीवर फ्लॅट पणाला लागलेला असतो, हे गाडी विकताना शोरूमवाला सांगत नाही.

त्या पंचविसाव्या वर्षाच्या अटीबद्दल माझा मात्र विरोध आहे. कलम १९९-अ पालकाला धरायला आणलं, आणि सगळ्यात लांब शिक्षा दिली पोराला. सोळाव्या वर्षी बापाची गाडी घेऊन सापडलेला श्रीमंत मुलगा पंचविशीपर्यंत ड्रायव्हर ठेवेल. टेम्पो चालवून पोट भरू बघणारा, डिलिव्हरीचं काम धरू बघणारा मुलगा काय करणार? सात-आठ वर्षं बेकार बसणार, नाहीतर लायसन्सशिवायच चालवणार. यातली दुसरीच गोष्ट होईल. बाल न्यायाचा कायदा म्हणतो, मुलाला नव्याने सुरुवात करू द्या, जुनं रेकॉर्ड त्याच्या मानेवर ठेवू नका; आणि मोटार वाहनाचा कायदा त्याच मुलाची चूक कामधंद्याची उमेदीची सगळी वर्षं त्याच्या मानेवर ठेवतो. एक वर्ष उशिरा लायसन्स द्या, परीक्षा दोनदा घ्या, काही म्हणणं नाही. पंचवीस हे वय मला कायद्यापेक्षा संतापातून आलेलं वाटतं.

आणि इथेच ती वाहतूक पोलिसांबरोबरच्या कामाची अट आठवते. बाल न्याय मंडळ समाजसेवा सांगू शकतं, समुपदेशन सांगू शकतं, दंड आईबापांकडून भरून घेऊ शकतं, त्यांच्याकडून मुलाच्या वागणुकीचं हमीपत्र लिहून घेऊ शकतं. हे सगळं कलम १८ मध्ये आहे. माणूस मेल्यावर ते तोकडं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण क्लासच्या गल्लीत पकडलेल्या पोराला दोन रविवार चौकात हवालदाराशेजारी उभं केलं, आणि बापालाही सोबत उभं केलं, तर ते तोडपाण्यापेक्षा फार बरं. बाप सोबत असणं महत्त्वाचं. नाहीतर तो क्लासला दांडी नको म्हणून घरच्या ड्रायव्हरला पाठवेल.

हे सगळं लिहिताना दुसऱ्या बाजूचं म्हणणं कानावर येतंच: "आम्ही हौसेने गाडी देतो का?" खरं आहे, बहुतेक जण हौसेने देत नाहीत. सकाळी सहाला फिजिक्सचा क्लास, दहा ते दोन कॉलेज, रात्री नऊला टेस्ट सिरीज. घर चार-पाच किलोमीटरवर किंवा शेजारच्या खेड्यात. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना मोठी सवलत आहे, मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे, मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसही धावतात. पण बसची वेळ शाळेच्या घंटेवर बेतलेली आहे, आणि आपलं बारावीचं शिक्षण केव्हाच शाळेतून उठून क्लासमध्ये गेलं. रात्री नऊनंतर मुलीला एकटीने बसस्टॉपवर उभं करण्यापेक्षा मोपेड बरी, असा हिशोब आई करते, तेव्हा ती बेजबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. ती दोन धोक्यांतला एक निवडते आहे. मात्र निवड तिची आहे, तेव्हा उत्तरही तिने द्यायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: निर्णय ज्याच्या हातात, जबाबदारी त्याच्या गळ्यात. सोळाव्या वर्षी पैसा, चावी, क्लास, विषय, मोबाईलचा रिचार्ज हे सगळं आईबाप ठरवत असतील, तर चूक झाल्यावर 'पोरगं ऐकत नाही हो' म्हणायची सोय त्यांना नाही. आणि जबाबदारी पोराने घ्यावी असं वाटत असेल, तर निर्णयही थोडे थोडे त्याच्याकडे सरकवावे लागतील.

आपल्याकडे ते सरकवणं फक्त मुलग्यांच्या बाबतीत होतं, आणि तेही फक्त गाडीपुरतं. त्याच घरात सतरा वर्षांची मुलगी असेल तर? तिचा फोन तपासला जातो, व्हॉट्सॲप वाचलं जातं. ती कुणाबरोबर निघून गेली तर तेच वडील, ज्यांनी मुलाला बुलेट घेऊन दिली, पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देतात. मुलगा एकोणीसचा असला की त्याच्यावर पॉक्सो लागतो. २०१२ च्या या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात अठराच्या आतली संमती ही संमतीच नाही, आणि शरीरसंबंध आला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दहा वर्षं आहे. मुलगी न्यायालयात 'मी माझ्या मर्जीने गेले' म्हणाली तरी कायद्याच्या लेखी ते ऐकायचं बंधन नाही. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात वय सोळावर आणायला नकार दिला. मीही सरसकट खाली आणा म्हणणार नाही. शिक्षक, नातेवाईक, तिच्याहून कितीतरी मोठे पुरुष हेच दार शोधत असतात. पण वयात दोन-तीन वर्षांचंच अंतर असलेल्या पोरापोरींच्या प्रकरणात न्यायाधीशाला शिक्षा कमी करण्याची मुभा असावी, असं खुद्द आयोगाने सुचवलं, आणि ती मुभा अजून कायद्यात आलेली नाही. मुलाने माणूस मारला की सतरा म्हणजे मोठा. मुलीने जोडीदार निवडला की सतरा म्हणजे बाळ. यात कायद्याचं तर्कशास्त्र नाही, आपल्या घरांचं आहे.

गंमत म्हणजे कायदा अठरा या एकाच आकड्यावर उभा आहे, हा आपला समजच अपुरा आहे. सात वर्षांच्या आत गुन्हाच नाही. सात ते बारामध्ये समज किती ते बघायचं. दहाव्या वर्षापासून मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. चौदा पुरी झाली की धोक्याची नसलेली कामं करता येतात. आईबापांचा ताब्याचा वाद असला आणि मूल समजतं असलं, तर त्याचं म्हणणं न्यायालयाला लक्षात घेता येतं, हे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या न्यायाधीशाला मुलाला 'तुला काय वाटतं' विचारायची सोय होती. आपण अकरावीचा फॉर्म भरताना विचारत नाही.

गाडीच्या बाबतीतही अशी मधली पायरी आहे. सोळाव्या वर्षी, पालकाच्या संमतीने, गिअर नसलेल्या पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. ज्यांनी लूना पाहिली त्यांना हे कशासाठी होतं ते लगेच कळेल. १९७२ साली आलेली पन्नास सीसीची लूना पोरांनी चालवावी अशीच होती. उतारावरसुद्धा ती फार काही उडायची नाही. आज शोरूममधली साधी मोपेडही शंभर-एकशेदहा सीसीच्या घरात असते. कायद्यात पायरी शिल्लक आहे, बाजारातून ती गेली. त्या जागी बॅटरीवरच्या छोट्या स्कूटर आल्या, २५०वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत. यांना लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. काही विक्रेते वेगाची मर्यादा काढून देतात आणि पालक जाणूनबुजून तशीच मागतात. सोळा-सतराच्या मुलांसाठी ताशी चाळीसच्या वर न जाणारी बॅटरीची स्कूटर, नंबरप्लेटचा वेगळा रंग, मागे कुणी बसवायचं नाही, खरी परीक्षा आणि खरं लायसन्स, अशी व्यवस्था करायला अडचण कसली आहे? तसं झालं तर क्लासच्या गल्लीतली निम्मी पोरं कायद्याच्या आत येतील, आणि उरलेल्यांच्या आईबापांना कारण सांगायला तोंड उरणार नाही.

पोलिसांनी पोराला धरलंच, तर त्याचे हक्क काय हेही घरोघरी माहीत असायला हवं. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. आईवडिलांना कळवावं लागतं, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो. त्याचं नाव, फोटो, शाळा कुठेही छापता येत नाही. यात व्हॉट्सॲपचे ग्रुपही आले. फोन फिरवणाऱ्या बापाला हे माहीत नसलं तरी चालतं. ज्याच्या बापाला फिरवायला नंबर नाही, त्याला यातलं एकेक वाक्य लागतं.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. ब्लॅक स्पॉट, गतिरोधक, झेब्रा पट्टे यांवर तिथे चर्चा होते. पुढच्या बैठकीत शहरातल्या क्लासवाल्यांना बोलावावं, सोबत एसटीच्या विभाग नियंत्रकांना बसवावं, आणि क्लास सुटण्याच्या वेळा व शेवटच्या बसच्या वेळा एकाच तक्त्यावर मांडाव्यात. पालक म्हणून आपणही अर्ज देऊन हे मागू शकतो. तोवर क्लासवाल्यांनी एक करावं: प्रवेशाच्या फॉर्मवर मूल येणार-जाणार कसं, हा रकाना ठेवावा आणि त्याखाली सही मुलाची नव्हे, पालकाची घ्यावी.